काट्यावर आलेलं घर

आमच्या काट्यावर एकदा घर आलं होतं.

घर म्हणजे अगदी घर. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, मागच्या काचेतून दिसणारी पितळी डब्यांची रांग. विसरवाडीच्या फाट्यावर बसून मी काय पाहिलं नाही? सुरतेहून येणारे कापडाचे ट्रक, उसाच्या गाड्या, एकदा तर मांडवाचे खांब आणि त्या खांबांवर गाढ झोपलेलं अख्खं बँडपथक. पण घर नव्हतं पाहिलं. हिवाळ्यातली संध्याकाळ होती, उन्हं तिरपी झालेली, हायवेचा फुफाटा पिवळा होऊन हवेत तसाच थांबलेला, आणि त्यातून ते घर कसली म्हणून घाई नसल्यासारखं माझ्याकडे येत होतं. मी केबिनच्या काचेआडून बघतच राहिले. अजूनही त्या वेळेला चहा घेऊन बसले की शंका येते, हे खरंच झालं की मला डुलकी लागली होती? पण डुलकी म्हणावी तर त्यांचा तराजू आजही माझ्या केबिनमागे पडून आहे.

आमचा काटा म्हणजे भुईकाटा. जमिनीच्या सपाटीला बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा. त्यावर गाडी उभी राहिली की केबिनीत माझ्यासमोर लाल आकडे पडतात, आणि मी पावती फाडते. वडिलांनी टाकला, त्यांच्यामागे मी चालवते. बाई काट्यावर बसलीय म्हणून सुरुवातीला ड्रायव्हर लोकांना फार गंमत वाटायची. माझं तोंड ऐकलं आणि गंमत संपली. काट्याचा पहिला नियम वडिलांपासूनचा: गाडी काट्यावर, ड्रायव्हर खाली. भरलेली गाडी मोजताना खाली, रिकामी मोजताना खाली, म्हणजे मधला फरक तो निव्वळ माल. व्यापाऱ्याला मालाशी मतलब, ड्रायव्हरच्या पोटाशी नाही.

तर त्या घराच्या खिडकीशी जाऊन मी नेहमीसारखी ओरडले, "ड्रायव्हर खाली!"

आतून एक सत्तरीपुढचे गृहस्थ उतरले. काटकुळे, स्वच्छ पांढरा सदरा, पण बाह्यांच्या कडा कायमच्या लालसर झालेल्या. नमस्कार केला तो हात न जोडता, दोन्ही कोपरं एकमेकांना लावून. मला वाटलं, चेष्टा करतायत की काय.

"बेटा, घरनं वजन करानं शे," ते म्हणाले.

"कशाचं?"

"घरनं."

मग ते वळले, मागच्या दाराशी गेले आणि आपली कोपरं पुढे करून त्यांनी एका म्हाताऱ्या बाईला खाली उतरवलं. त्यांची बायको. डोक्यावरून ओढणी, हातात कपड्यांचं लहानसं गाठोडं. तिला माझ्या केबिनीतल्या खुर्चीवर बसवून ते मला मोठ्या समाधानाने म्हणाले, "बरोबर शे तुन्हं. माल मझार, मानूस बाहेर. मीबी जिनगीभर असंच करं."

ते नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. मूळचे राजस्थानचे, पण आजोबांपासून इथेच, त्यामुळे घरात मारवाडी आणि बाजारात अहिराणी. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही शेठच म्हटलं. नंदुरबारला मिरचीच्या दिवसांत गावाबाहेर पथारी पडते, म्हणजे ओली मिरची मोकळ्या रानात वाळायला पसरतात. नजर जाईल तिथवर जमीन लालभडक असते आणि रस्त्याने जाणारा माणूस शिंकतो. शेठ त्या पथारीवर वाढलेले. त्यांना कधी शिंक येत नसे. हातांत मात्र मिरची कायमची मुरली होती. कितीही धुतले तरी दुसऱ्याच्या अंगाला लागले की आग व्हायची. म्हणून ते कुणाला हात लावत नसत. लहान पोरं कोपराने थोपटत. बायकोच्या डोळ्यात पाणी आलं की मनगटाच्या मागच्या बाजूने पुसत, तेही सदऱ्याची बाही आधी उलटी करून.

धंदा पुतण्यांवर सोपवला होता, पण तोलायची सवय कुठली जाणार? जे हातात येईल ते ते अंदाजत. माझा चहाचा ग्लास उचलून म्हणत, "आज पानी जास्त शे." माझा मोबाईल, स्टेपलर, टेबलावरचा पेरू, सगळं एकदा वरखाली होई. एकदा मी रागाने म्हटलं, "शेठ, मलाही उचलून बघा." तर माझ्याकडे गंभीरपणे बघून म्हणाले, "तुन्हं वजन तोंडमाच शे, बेटा." आणि मग इतके हसले की शेजारच्या ढाब्यावरचे लोक बघायला लागले.

त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, सगळं मिरचीतून आलेलं. ओलं वजन खोटं असतं, ते म्हणायचे. ओली मिरची पोतं भरून येते आणि पथारीवर पडली की दिवसागणिक हलकी होत जाते. जातं ते पाणी, राहतो तो तिखटपणा. माणसाचंही तसंच. बायकोकडे हनुवटीने दाखवत ते सांगत, "हाई वाळी ऱ्हायनी. नावं गयात, गावं गयात, पोऱ्यासना चेहरा गयात. जे ऱ्हायनं ते पक्कं शे." तिच्यात राहिलेलं पक्कं म्हणजे दोनच गोष्टी होत्या. एक, ती त्यांना ओळखायची. पोटच्या पोरांना नाही, नातवंडांना नाही, पण शेठ दिसले की "सुणो हो" म्हणून हाक मारायची, मारवाडी बायको नवऱ्याला मारते तशी. आणि दुसरी, दिवेलागण झाली की ती गाठोडं बांधायची आणि म्हणायची, "घरां चालो." घरी चला.

ही हाक ती तिच्याच घरात बसून द्यायची. ज्या घरात लग्न होऊन आली, पोरं वाढवली, त्या घराच्या ओसरीवर बसून. शेठनी काय केलं नसेल? तिला रिक्षात घालून गावाला चक्कर मारून परत त्याच दारात आणलं. "आलं बघ घर." ती आत जाई, इकडेतिकडे बघे आणि पुन्हा गाठोडं उचले. मग तिला माहेरची आठवण येत असेल म्हणून थेट राजस्थानात नेलं. तिथे भावाच्या अंगणात तिचं कोण कौतुक झालं, आणि संध्याकाळी ती त्याच अंगणात उभी राहून म्हणाली, "घरां चालो." शेठ तिला घेऊन परत आले. पण त्यांच्या लक्षात एक आलं होतं. गाडी चालू असेपर्यंत ती शांत असते. गाठोडं मांडीवर, नजर खिडकीबाहेर, चेहऱ्यावर आता पोचतोच आपण असा भाव. थांबलं की झालं सुरू.

म्हणून त्यांनी ठरवलं, चालणारं घर करायचं.

आता हे कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, म्हातारा वेडा झालाय. नंदुरबारच्या बाजारातही तेच म्हणत होते. म्हणून तर तिथे इतके काटे असताना शेठ गाडी घेऊन माझ्याकडे विसरवाडीला यायचे. तिथे सगळे ओळखीचे, सगळे टपलेले. शिवाय तेवढीच तिला चक्कर.

कुठल्याशा कारखान्याची कामगारांना ने-आण करणारी लहान बस त्यांनी विकत घेतली. तीही विचार करून. त्यांच्याकडे हलक्या वाहनाचं लायसन होतं, तेही उतारवयात मुद्दाम शिकून काढलेलं. त्यात बसेल एवढीच गाडी. आयुष्यभर ते मागच्या सीटवर बसलेले, स्टिअरिंगवर दुकानाचा ड्रायव्हर. आता स्वतः चालवायला लागले, नाक काचेला टेकवून. पाठीमागून ट्रकवाल्यांचे हॉर्न वाजत आणि शेठ प्रत्येकाला कोपराने रस्ता देत.

बाकडी काढली, पंखा लावला, पडदे लावले, शेगडी बसवली. तिला दाखवलं. तिने आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मोटर है." झालं. मोटारीत घर कसं असेल?

तेव्हा शेठनी तिचं घर थोडं थोडं करून गाडीत आणायला सुरुवात केली. आधी तिचे पितळी डबे, फळीसकट. ती चढली, डब्यांना हात लावून बघितला आणि उतरली. मग तिचं आरशाचं कपाट. मग देव्हारा. मग जातं, ज्यावर कित्येक वर्षांत कुणी दाणा टाकला नव्हता, पण सकाळी त्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. आणि शेवटी, ऐका बरं का, स्वयंपाकघराचा उंबरा. चांगला सागवानी, जाड, मधोमध पावलांनी झिजलेला. पुतण्यांनी डोक्याला हात लावला. शेठनी सुतार बोलावून उंबरा उपटला आणि बसच्या मागच्या दारात बसवला. ती आली, उंबरा पाहिला, सवयीने उजवं पाऊल उचललं आणि आत जाऊन बसली. बसली ती बसलीच. शेठ मला ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबत आणि नुसते म्हणत, "दख, ती बठी." त्यानंतरचं त्यांना सांगता यायचं नाही.

प्रत्येक नवी वस्तू घातली की वजनाला माझ्याकडे. कारण बसवाल्या मेकॅनिकने बजावून ठेवलं होतं की गाडीला कंपनीने ठरवून दिलेली हद्द असते, तिच्यावर एक किलो गेलं तर घाटात ब्रेक ऐकणार नाही. कोंडाईबारीचा घाट आमच्यापासून हाकेच्या अंतरावर; ब्रेक न ऐकलेल्या गाड्या मी पाहिल्यात, त्यामुळे मीही त्यांना सोडत नसे. गाडी काट्यावर, दोघं खाली, मी आकडा वाचायची, शेठ पावती दुमडून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "बसस अजून," म्हणजे मावतं अजून. त्या वेळात शेठाणी माझ्यासमोर खुर्चीत. तिला माझं नाव कधी कळलं नाही. दर वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारखी माझ्याकडे गोड हसायची आणि तिच्या बोलीत जेवलीस का विचारायची. मी जेवले म्हटलं तरी पटायचं नाही. बाहेर ट्रकांचा गोंगाट, आत ती गाठोड्यावर हात ठेवून शांत, आणि काचेपलीकडे काट्यावर तिचं घर एकटंच उभं. मला त्या काही मिनिटांत पावती फाडायचंही भान राहायचं नाही. मागचा ट्रकवाला खेकसला की मी भानावर यायची.

एक दिवस मी सहज विचारलं, "शेठ, आरसी बुकात काय लिहिलंय? अजून बसच आहे ना ही?"

"बसच शे. पन मी घर करी देसू. आरटीओले जाईसन सांगसू, हाई आते घर शे. मंग वजननी कटकटच नही. घरले कधी वजननी मर्यादा ऱ्हास का?"

मी कपाळावर हात मारला. त्यांना खरंच वाटत होतं की कागदावर बसचं घर झालं की काट्याची गरज संपली. कोण घर तोलतं? मी हसले, ते रागावले, आणि तसेच तरातरा नंदुरबारच्या आरटीओत गेले.

तिथल्या इन्स्पेक्टर मॅडम तरुण होत्या, परजिल्ह्यातून आलेल्या. पुढे शेठना घेऊन त्या एकदा माझ्या काट्यावर आल्या, तेव्हा माझी ओळख झाली. अशी गाडी त्यांच्याही हाताखालून पहिल्यांदाच जात होती. त्यांनी आधी शेठना गोड शब्दांत झापलं, की काका, गाडीत बदल करण्याआधी परवानगी काढायची असते, तुम्ही घर बांधून वास्तुशांत करून मग आलात. मग त्यांनी नियम शोधले, नकाशा काढून घेतला, आणि टेबलावर बोट ठेवत एकेक समजावलं. अशा गाडीचा वेगळा वर्ग आहे, मोटर कॅरॅव्हॅन नावाचा. आत झोपायची सोय हवी, बसायला जागा, टेबल, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायला कपाट. तुमच्याकडे सगळं आहे. तेव्हा ही बस त्या वर्गात जाऊ शकते.

"जाई शके ना? मंग झालं," शेठ उठायला लागले.

"थांबा काका. वर्ग बदलला म्हणजे गाडी कशासाठी वापरणार ते बदललं. चाकं तीच, स्प्रिंगा त्याच, ब्रेक तेच. एकूण वजनाची हद्द कंपनीने लावलेली, ती मी बदलू शकत नाही, तुम्हीही नाही. बस म्हणा, घर म्हणा, देऊळ म्हणा."

शेठनी शांतपणे खिशातून माझ्या पावत्या काढल्या आणि पुढे ठेवल्या. सगळ्या हद्दीच्या आत. मॅडमनी शेवटची पावती पाहिली, मान हलवली, आणि विचारलं, "छान. ही गाडी रिकामी. आता मला सांगा, तुम्ही दोघं कुठे बसणार? आणि टाकीत पाणी?"

शेठचा चेहरा पाहायला मी तिथे नव्हते, पण मला तो दिसतो. आयुष्यभर माल मोजलेला माणूस. माल आत, माणूस बाहेर. ते घर त्यांनी जात्यासकट, उंबऱ्यासकट ग्रॅमभर चूक न करता मोजलं होतं आणि त्यात राहणारी दोन माणसं मोजायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मलाही कुठे सुचलं होतं! आम्ही दोघंही एकाच शाळेतले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गाडी काट्यावर आली. शेठ उतरले नाहीत. खिडकीतून म्हणाले, "आज आमले बी मोज."

पाण्याची टाकी भरली, गॅसची टाकी ठेवली, शेठाणी आत, शेठ स्टिअरिंगवर. मी केबिनीत येऊन आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. हद्दीच्या बराच वर. मी बाहेर येऊन नुसती मान हलवली.

"पाच-दहा किलोनं इकडंतिकडं व्हयी तर?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून असला प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत होते.

"पाच-दहा नाही शेठ. आणि घाट मला विचारून ब्रेक धरत नाही."

ते उतरले. गाडीला कोपर टेकवून आत नजर टाकली. मग म्हणाले, "काढू काहीतरी."

ढाब्यावर जेवायला थांबलेले तीन-चार ट्रकवाले मदतीला आले. पहिल्यांदा जातं. सगळ्यात जड, सगळ्यात बिनकामाचं. दोघांनी उचलून उंबऱ्यापर्यंत आणलं असेल-नसेल, आतून आवाज आला, "घरां चालो." शेठाणी उठून उभी राहिली होती. गाठोडं हातात, पाऊल बाहेर. शेठ म्हणाले, ठेव, ठेव, परत ठेव. जातं जागेवर गेलं. ती बसली. मग आरशाचं कपाट हलवून पाहिलं. पुन्हा गाठोडं. डब्यांची फळी नुसती सैल केली तर ती रडायलाच लागली. ट्रकवाल्यांनी फळी पुन्हा घट्ट केली. धिप्पाड गडी, पण एकेकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

"शेठ, उंबरा?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, जीभ झडो माझी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीत चढले, एकदा सगळीकडे नजर फिरवली, आणि ट्रकवाल्यांना म्हणाले, "मन्हं काढा."

त्यांचंही सामान होतं की तिथे, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आधी निघाला तो तराजू. वडिलोपार्जित, लोखंडी दांडीचा, साखळ्यांचा, त्याची मणाची वजनं एका पेटीत. दुकानात ते कायम त्याच्याशेजारी बसत, तसाच त्यांनी तो ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवला होता. मग त्यांची लोखंडी खाट. कपड्यांची ट्रंक. संध्याकाळी ओसरीवर ज्यात बसत ती शिसवी आरामखुर्ची. दुकानातली गादी आणि तक्के. सगळं माझ्या केबिनशेजारी धुळीत मांडलं गेलं. आत शेठाणी शांत बसून बघत होती. एकदाही गाठोड्याला हात घातला नाही तिने. मला ते पाहून किती बरं वाटलं होतं त्या वेळी!

"तुम्ही झोपणार कुठे?" मी विचारलं.

"ड्रायव्हरनी सीट शे ना. मी हलकाच शे, बेटा, वाळी गयेल."

मी पुन्हा आकडा पाहिला. हद्दीच्या आत, जेमतेम. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, ढाब्यावाल्याने सगळ्यांना चहा पाजला. शेठनी आपलं सामान पुतण्यांकडून मागवून नेतो म्हणून सांगितलं. बाकीचं गेलं, तराजूची गोष्ट ते दर वेळी पुढे ढकलत राहिले.

मॅडमनी काम केलं. आधी त्या स्वतः माझ्या काट्यावर उभ्या राहून वजन बघून गेल्या, मग गाडी आतून तपासली. झोपायची सोय एकीचीच का, विचारलं. शेठ म्हणाले, बायकोची आहे, मला झोप येत नाही. बाकाची पट्टी सरकवून दुसरी झोपायची जागा करता येते, हे मॅडमनी स्वतः करून बघितलं आणि ते कागदावर घेतलं. काही आठवड्यांनी आरसीवर वर्ग बदलून आला. शेठनी ते मला सांगायला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "आते कागदवरबी घर शे," ते म्हणाले.

आणि मग ते निघाले. कुठे, ते ठरलं नव्हतं. प्रकाशाला तापीच्या काठावर एक-दोन दिवस थांबायचं, मग वाटेल तिकडे, थंडी असेपर्यंत. जाण्याआधी माझ्याकडे आले. गाडी भरली होती, पाणी भरलं होतं, दोघंही आत. त्यांना एकदा शेवटचं वजन करायचं होतं. म्हणाले, बाकी कुणाचा भरवसा नाही.

तीच वेळ. तीच पिवळी धूळ, तेच तिरपं ऊन. मी आकडा पाहिला, सगळं ठीक होतं. पावती घेऊन खिडकीशी गेले तर मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यात शेठाणी उभी. डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, हात रिकामे. गाठोडं कुठेच दिसत नव्हतं. तिने मला बघितलं आणि यजमानीण हसते तशी हसून म्हणाली, "बारै क्यूं ऊभा हो? माय आवो सा, चाय पीवो."

बाहेर का उभी आहेस, आत ये, चहा घे. एवढंच. पण इतक्या दिवसांत तिने कधी कुणाला घरात बोलावलं नव्हतं, कारण तिला घरच नव्हतं. मी उंबरा ओलांडून आत गेले. माझ्यामुळे केबिनीत आकडा हद्दीपलीकडे गेला असणार, जाऊ दे म्हटलं, गाडी कुठे घाटात आहे.

तिने स्वतः चहा टाकला. डबा न शोधता साखर काढली, आलं ठेचलं, कप मांडले. पडद्यातून येणारं ऊन तिच्या हातांवर हलत होतं आणि तिला कशाचीच घाई नव्हती. मी बाकावर बसून बघत होते. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, मागे गाड्यांची रांग लागली तर लागू दे. पुढून शेठ स्टिअरिंगमागून वळून बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात उचलता येत नव्हता.

तिने मला कप दिला, स्वतःला घेतला. मग तिसरा कप भरून ती पुढे बघून म्हणाली, "डरैवरजी, थे भी पीवो. अठै पायरी माथै बैठ जावो."

ड्रायव्हरजी, तुम्हीही घ्या. इथे पायरीवर बसा.

मला आधी वाटलं ती गंमत करतेय. मग मी गाडीत नजर फिरवली. आरसा होता, डबे होते, देव्हारा होता, जातं होतं. शेठचं म्हणावं असं काहीही नव्हतं. ना तराजू, ना खुर्ची, ना तक्का. या घरात ते ज्याच्यावरून ओळखू यायचे ते सगळं आम्ही उचलून धुळीत ठेवलं होतं. राहिला होता तो स्टिअरिंगवरचा एक पाठमोरा माणूस, आणि तिच्या घरात स्टिअरिंगवर आयुष्यभर ड्रायव्हरच असायचा.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शेठनी मान हलवून मला गप्प केलं. ते पुढून उतरले, गाडीला वळसा घालून मागे आले आणि पायरीवर बसले. तिने उंबऱ्याच्या आतून कप पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी, तिला हात लागणार नाही असा घेतला.

"तराजू परत घालते गाडीत," मी दबक्या आवाजात म्हटलं. "आत्ता घालते. त्याच्याशेजारी बसा म्हणजे..."

"वजन बसाव नही, बेटा," ते म्हणाले, आणि फुंकर मारून चहा प्यायला लागले.

शेठाणी त्यांच्याकडे मायेने बघत होती, दमूनभागून आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. ऊन उतरलं होतं. दिवेलागण होत आली होती, आणि ती उंबऱ्याच्या आत निवांत बसून होती. थोड्या वेळाने तिने त्यांना तिच्या बोलीत विचारलं, घरी तुमची कुणी वाट बघत असेल ना?

शेठनी कप खाली ठेवला.

"बायको आहे," ते तिच्याच बोलीत म्हणाले. "फार दिवस घर शोधत होती. आज पोचली."

"चोखो हुयो," ती म्हणाली. बरं झालं. आणि त्यांचा रिकामा कप उचलून धुवायला आत गेली.